‘डॉक्टर हू’चे पहिले प्रेक्षक

ताम्रपट, शिलालेख, बखरी, दफ्तरे, पत्रव्यवहार. इतिहासाची साधने म्हटली की ही नावे आपल्या ओठांवर येतात. शनिवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला मुलांनी पाहिलेल्या एखाद्या टेलिव्हिजन-मालिकेची गणना त्यांत कोणी करीत नाही. वाचकहो, आज मी तुम्हांला अशाच एका मालिकेची हकीकत सांगणार आहे; आणि ती सांगताना माझे लक्ष नटांकडे वा लेखकांकडे जेवढे राहील त्याहून अधिक ती पाहणाऱ्या माणसांकडे राहील. कारण या मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांचे जे काही आज हाती लागते, त्यातला मोठा भाग पाहणाऱ्यांनी राखला म्हणून लागतो. ज्या संस्थेने ती निर्माण केली, त्या संस्थेने तिच्या फिती पुसून टाकल्या होत्या.

मालिकेचे नाव ‘डॉक्टर हू’. बी.बी.सी.च्या टेलिव्हिजनवर तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी, सव्वापाचाच्या सुमारास दाखवण्यात आला. तारीख ध्यानात घ्या. आदल्याच दिवशी अमेरिकेत डल्लास शहरी अध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती. ब्रिटनमध्ये घराघरांतून दुसरे काही बोलणेच नव्हते, आणि त्यात देशाच्या काही भागांत वीज गेलेली. तरीही चव्वेचाळीस लाख लोकांनी तो भाग पाहिला असे तेव्हाची नोंद सांगते. पुढच्या शनिवारी, दुसरा भाग दाखवण्यापूर्वी, पहिला पुन्हा एकदा दाखवावा असे ठरले. नव्या मालिकेच्या वाट्याला असे भाग्य क्वचित येते.

कल्पना अशी होती. एक चिडखोर म्हातारा आणि त्याची शाळकरी नात. दोघे लंडनमधल्या एका भंगारवाल्याच्या आवारात, पोलिसांच्या एका पेटीत राहतात. आता ही पोलिसांची पेटी म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगावे लागते. त्या काळी ब्रिटनच्या रस्त्यांवर माणूस उभा राहील एवढ्या निळ्या खोल्या असत, आत टेलिफोन, पोलिसाला वा नागरिकाला ठाण्याशी बोलता यावे म्हणून त्यांची सोय केलेली. म्हाताऱ्याची पेटी बाहेरून तेवढीच, पण आत भला मोठा दिवाणखाना, आणि ती काळातून व अवकाशातून कोठेही जाते! मुलीच्या शाळेतले दोन शिक्षक, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची, तिच्यामागून कुतूहलाने आत शिरतात आणि त्या प्रवासात ओढले जातात. शिक्षकांचे विषय असेच योगायोगाने ठरलेले नव्हते. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे मूळचे कॅनडाचे. मुलांना करमणुकीबरोबर थोडे विज्ञान, थोडा इतिहास मिळावा असा त्यांचा हेतू होता.

निर्मितीची जबाबदारी त्यांनी व्हेरिटी लॅम्बर्ट या सत्तावीस वर्षांच्या बाईंवर सोपवली. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता आपल्याकडचा, लखनौला १९३८ साली जन्मलेला वारिस हुसेन, अवघ्या चोवीस वर्षांचा. फाळणीच्या सुमारास तो आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेला. त्याची आई म्हणजे ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन. त्या स्वतः बी.बी.सी.च्या पूर्व विभागातून नभोवाणीवर कार्यक्रम करीत. तेव्हा बघा, मायक्रोफोनशी नाते या घरात आधीपासूनच होते.

तो पहिला भाग आज पाहता येतो, आणि मी तो पाहिला. एकदा नव्हे, तीनदा. पहिली प्रतिक्रिया विचाराल तर, फार संथ. दोन शिक्षक मोटारीत बसून बोलतात आणि बोलतच राहतात. चित्र कृष्णधवल, निळी पेटी राखी दिसते. विल्यम हार्टनेल या नटाची वाक्ये पुढच्या काही भागांत अडखळतात, आणि ती अडखळण तशीच ठेवलेली. तशी का ठेवली? कारण फीत कापून जोडणे खर्चाचे आणि कटकटीचे काम होते. आठवडाभर तालीम करावयाची आणि शुक्रवारी संध्याकाळी, लाइम ग्रोव्हच्या अरुंद, उकडणाऱ्या स्टुडिओत, सगळा भाग जवळजवळ नाटकासारखा सलग उभा करावयाचा, अशी पद्धत. एका भागाला सुमारे तेवीसशे पौंड खर्चायला. थोडे चुकले तर चुकले! रंगभूमीवर ज्यांचा जीव आहे अशा आपल्या वाचकांना त्यात वावगे वाटणार नाही. उलट हार्टनेल एखाद्या शब्दाशी अडतो, डोळे किंचित मिटतो आणि पुन्हा सावरतो, तेव्हा म्हातारा अधिकच खरा वाटतो.

पण मला जे खरोखर थांबवून गेले ते चित्र नव्हे, आवाज. सुरुवातीचे संगीत रॉन ग्रेनर यांनी लिहिले, पण ते प्रत्यक्ष घडवले डेलिया डर्बिशायर या बाईंनी, बी.बी.सी.च्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये. ही कार्यशाळा १९५८ साली निघाली ती मुळात नभोवाणीच्या नाटकांना चमत्कारिक आवाज पुरवण्याच्या गरजेतून. बाजाची पेटी नाही, वाद्यवृंद नाही. एक तार छेडायची, तिचा आवाज फितीवर घ्यायचा, फीत जलद वा सावकाश चालवून त्याचे वेगवेगळे सूर करायचे. जोडीला विजेच्या यंत्रांतून निघणारे नुसते सूर. मग कात्रीने फितीचे तुकडे कापायचे आणि एकेक सूर हाताने चिकटवून अख्खी चाल उभी करायची. शिवणकाम म्हणा ना! आणि ती पेटी जेव्हा अदृश्य होते, तेव्हा जो घरघरता, उसासे टाकणारा आवाज येतो, तो ब्रायन हॉजसन यांनी आईच्या दाराची किल्ली एका जुन्या, मोडक्या पियानोच्या खर्जाच्या तारेवरून घासून काढला. आमच्या नभोवाणीच्या मंडळींना हे वाचून आनंद होईल. नारळाच्या करवंट्यांनी घोड्यांच्या टापा वाजवणाऱ्यांचे हे सख्खे भाईबंद.

असो. त्या वेळच्या पाहणाऱ्यांना काय वाटले, हे आपल्याला कसे कळते? येथे बी.बी.सी.ची एक जुनी चांगली सवय कामी आली. १९३६ पासून रॉबर्ट सिल्व्ही यांच्या देखरेखीखाली तिचा एक विभाग श्रोत्यांना, आणि पुढे प्रेक्षकांना, प्रश्नावल्या पाठवून त्यांचे मत गोळा करीत असे. सर्वसाधारण घरांतली माणसे कार्यक्रम पाहून गुण देत, चार ओळी लिहीत. पहिल्या भागाला शंभरांपैकी त्रेसष्ट गुण पडले. एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला त्यात वेल्सच्या कालयंत्राची आणि डिकन्सच्या जुन्या दुकानाची सरमिसळ दिसली, मूक-चित्रपटांच्या काळातली गंमतही आठवली, आणि पुढच्या शनिवारी आपण पुन्हा बसणार असे त्याने कळवून टाकले. मला हा गृहस्थ फार आवडला. टीकाकाराने चार रकाने भरून जे लिहिले असते ते त्याने पोस्टाने, आणि फुकट, कळवले.

पण मालिका तरली ती या त्रेसष्ट गुणांवर नव्हे. न्यूमनसाहेबांची सक्त ताकीद होती की डोळे वटारलेले राक्षस माझ्या मालिकेत नकोत. हे विज्ञानाधारित काम आहे, जत्रेतला तंबू नव्हे. आणि दुसऱ्याच कथेत टेरी नेशन या लेखकाने ‘डालेक’ आणले! रेमंड क्यूसिक यांनी आखलेली, पाय नसलेली, जमिनीवरून घरंगळत जाणारी धातूची पिंपे. आत प्राणी बसलेला. एक डोळा दांड्यावर. आवाज यंत्रातून चिरून काढलेला. लॅम्बर्टबाईंनी वरिष्ठांचा राग पत्करून कथा पुढे रेटली. २१ डिसेंबर १९६३ पासून सात आठवडे ती चालली आणि शेवटच्या भागांपर्यंत प्रेक्षकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. शाळांच्या अंगणात पोरे हात पुढे करून, आवाज चिरका काढून एकमेकांच्या मागे धावू लागली. गंमत अशी की कथेच्या शेवटी सगळे डालेक मरतात. लेखकाने त्यांना संपवून टाकले होते. प्रेक्षकांनी ते मान्य केले नाही. नोव्हेंबर १९६४ मध्ये त्यांना परत आणावे लागले.

ही परत आणलेली कथा मी पाहिली तेव्हा एका दृश्यापाशी माझे हसू थांबले. डालेक लंडन काबीज करतात. वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून, ट्रॅफल्गार चौकातून ती पिंपे सरकत जातात, रस्ते ओस पडलेले, पडक्या भिंती, लपून राहणारी माणसे. महायुद्ध संपून तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. टेलिव्हिजनसमोर बसलेल्या मुलाला हा खेळ. पण त्याच खोलीत मागे खुर्चीत बसलेल्या बापाने आणि आजीने हेच शहर बाँबखाली पाहिलेले होते. स्वतःसारखा नाही त्याला ठार करा, एवढीच डालेकांची बुद्धी. लेखक स्वतः युद्धकाळात लहान मुलगा होता. आपण कोणाबद्दल लिहितो आहोत हे त्याला ठाऊक होते. म्हाताऱ्यांनी ते पाहून काय म्हटले असेल, हा माझा तर्क आहे. पण ते उठून गेले नाहीत एवढे प्रेक्षकसंख्येवरून दिसते.

१९६६ साली हार्टनेल यांची प्रकृती ढासळली. मालिका बंद करावयाची, की नट बदलावयाचा? युक्ती अशी काढली की हा डॉक्टर माणूस नव्हेच, त्याचे शरीर थकले की नवे शरीर येते. २९ ऑक्टोबर १९६६ ला हार्टनेल जमिनीवर कोसळला आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठला. आज ही युक्ती थोर मानतात. त्या वेळच्या प्रेक्षक-अहवालांत मात्र तक्रारी आहेत: हा काय विदूषक आणून ठेवला, आमचा म्हातारा कोठे गेला? गुण घसरले. हळूहळू तोच विदूषक लोकांनी आपला मानला. गंधर्वांनंतरच्या नटांचे आपल्याकडे काय झाले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या काळी टेलिव्हिजनचे कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितींवर घेत. फीत महाग, पण तिची सोय अशी की पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. १९६७ पासून रंगीत चित्र आले, १९६९ मध्ये मुख्य वाहिनीही रंगीत झाली. कृष्णधवल जुन्या मालाला गिऱ्हाईक कोण? घरी चित्रफीत लावून पाहता येईल असे यंत्र सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हते. शिवाय एका खात्याला वाटे की दुसरे खाते जपून ठेवते आहे, आणि दुसऱ्याला वाटे पहिले ठेवते आहे. सरकारी कचेरी ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. परिणाम असा झाला की १९६७ पासून पुढे दहा-अकरा वर्षे फिती पुसल्या गेल्या, आणि परदेशी विक्रीसाठी केलेल्या फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या गेल्या. साठीच्या दशकात या मालिकेचे २५३ भाग झाले. त्यांपैकी नव्वदांहून अधिक भागांचे चलच्चित्र आजही सापडलेले नाही.

कोणी दुष्टपणा केला असे नाही. जे एकदा प्रक्षेपित झाले ते हवेत विरले, हीच तेव्हाची समजूत. आपल्याकडे काय वेगळे होते? १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ लागला तेव्हा लोटलेली गर्दी इतिहासात आहे. चित्रपट मात्र आज कोठेही नाही.

आणि येथे प्रेक्षक पुढे येतो. त्या वर्षांत ब्रिटनमधल्या काही घरांतून ध्वनिमुद्रणाची यंत्रे आली होती, मोठाल्या चकत्यांची. चित्र जपण्याचा मार्ग नव्हता. पण काही मुलांनी आणि तरुणांनी, एकमेकांची ओळखदेख नसताना, शनिवारी संध्याकाळी आपला मायक्रोफोन टेलिव्हिजनच्या कर्ण्यासमोर धरला. एकाने तर तारा थेट संचाच्या आत जोडून स्वच्छ आवाज मिळवला. कशासाठी? पुढच्या शनिवारपर्यंत पुन्हा ऐकता यावे म्हणून. त्या घरांतल्या आयांना पंचवीस मिनिटे भांडी वाजवण्याची बंदी झाली असेल, दारावरची घंटा वाजली की पोराच्या पोटात गोळा उठला असेल! या मुलांच्या फिती पुढे एकत्र झाल्या आणि आढळले काय? गहाळ झालेल्या भागांपैकी प्रत्येकाचा, होय, एकूण एक भागाचा आवाज शाबूत आहे. टेलिव्हिजनची मालिका नष्ट झाली आणि तिची श्रुतिका झाली.

इतर तुकडेही असेच चमत्कारिक वाटांनी आले. जॉन क्यूरा नावाचे एक छायाचित्रकार टेलिव्हिजनच्या पडद्याचे फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकत. तुमचे काम तुम्हांला दाखवायला दुसरे साधनच नव्हते. त्यामुळे कित्येक गहाळ भागांची स्थिर चित्रे मिळाली. ऑस्ट्रेलियात कोणा प्रेक्षकाने आठ मिलिमीटरचा कॅमेरा पडद्यासमोर धरून काही क्षण टिपले. काही भाग परदेशांतून परतले: चार भागांची एक पूर्ण कथा हाँगकाँगहून १९९२ साली, आणि नऊ भाग नायजेरियातल्या जॉस शहरातून २०१३ साली. पण सर्वांत नामी तऱ्हा ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरची. तिकडच्या परिनिरीक्षकांनी मुलांना भीती वाटेल अशी दृश्ये कापून काढली आणि कायद्याप्रमाणे ते तुकडे दप्तरी लावले. १९९६ साली ते सापडले. म्हणजे काही कथांतला जो भाग पाहू नये म्हणून कापला, तेवढाच आज पाहता येतो. जो निर्धोक ठरला तो गेला.

वारिस हुसेनने दिग्दर्शित केलेली दुसरी कथा ‘मार्को पोलो’, सात भागांची, फेब्रुवारी ते एप्रिल १९६४. जॉन लुकारॉटी यांनी लिहिलेली. (एक भाग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला.) तिचे एकही चलच्चित्र उरलेले नाही. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या कागदांत क्यूराचे फोटो निघाले, आणि आवाज मुलांच्या फितींवर. मी ती कथा डोळे मिटून ऐकली.

आणि सांगतो, ती ऐकण्यासारखीच आहे. मार्को पोलो कुब्लाई खानाकडे निघाला आहे. प्रत्येक मजलेला तो आपली रोजनिशी वाचतो. पडद्यावर त्या वेळी नकाशा दिसत असे; पण नुसत्या आवाजानेही गोबीचे वाळवंट पुढे सरकते. पाणी संपते. सकाळी त्या पेटीच्या आतल्या भिंतींवर बाहेरच्या गारठ्याने दव धरते आणि त्यावर माणसे जगतात. मास्तरांनी विज्ञानाचा एक धडा असा न कळत देऊन टाकला. एक चिनी मुलगी पाहुण्यांना हुलागूची आणि पर्वतातल्या मारेकऱ्यांची कथा सांगते, आणि ‘हशीशीन’वरून इंग्रजीतला मारेकऱ्याचा शब्द कसा आला तेही पोरांना समजते. शेवटी खानाच्या दरबारात डॉक्टर सोंगट्यांचा डाव मांडतो, घोडे, हत्ती जिंकतो, आणि आपली पेटी पणाला लावून हरतो! द्यूताची ही तऱ्हा आपल्या वाचकांना परकी नाही.

फोटो पाहिले की एक गोष्ट खटकते, आणि ती लपवू नये. मंगोल आणि चिनी पात्रे बहुतेक गोऱ्या नटांनी डोळ्यांची ठेवण रंगवून केलेली आहेत. लखनौला जन्मलेला तरुण दिग्दर्शक खुर्चीत, आणि समोर आशिया असा! त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीचा तो रिवाज होता हे खरे; म्हणून आज तो डोळ्यांना सोसवतो असे नाही. ऐकताना तो दिसत नाही, हेही खरे. पण एकदा फोटो पाहिले की कानांनाही तो विसरता येत नाही.

सातवा भाग संपत येतो. कट उघडकीस येतो, खलनायक तेगानाचा शेवट होतो, आणि मार्को पोलो, ज्याने इतका वेळ ती पेटी आपल्या घरी जाण्याच्या आशेने अडवून धरली होती, तो किल्ली डॉक्टरच्या हातात देतो. खान चकित. मार्को पोलोला प्रश्न पडतो की ही माणसे आता कोठे असतील, मागच्या काळात की पुढच्या. पियानोच्या तारेवरून किल्ली घासल्याचा तो आवाज चढत जातो, त्यात लंडनच्या कुठल्याशा घरातल्या मायक्रोफोनची बारीक खरखर मिसळलेली असते, आणि फीत संपते.